पोस्टात तलवार घेत नाहीत

९ जानेवारी

मायना गाळला आहे. नुसतं चिरंजीव लिहायला हरकत नव्हती, पण त्याच्या मागोमाग सौभाग्यवती आपोआप हातातून उतरतं, आणि ते आता लिहिता येत नाही. सूनबाई लिहावं तर कोर्टाचा कागद आडवा येतो. नावानं मी तुला कधी हाक मारली नाही. ती सुरुवात पत्रात करणं बरं दिसत नाही. तेव्हा थेट मुद्द्याचं लिहिते.

तुझी तलवार इथं राहिली आहे. तुमच्या खोलीतल्या भिंतीला ओल आली म्हणून मोठं कपाट सरकवून घेतलं, तर त्याच्यामागं जुन्या चादरीत गुंडाळून उभी केलेली सापडली. तू विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस हे मला माहीत नाही. विसरण्याजोगी ती लहान वस्तू नाही, एवढं मात्र खरं.

मी ती पोस्टात घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आत काय आहे?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "बाई, पोस्टात तलवार घेत नाहीत." मी म्हटलं, नाचाची आहे. तर म्हणतो, "नाचाची असो की लढाईची, नियम तो नियम." उभा जन्म मी दुकानदारांना नियमावर बोट ठेवून दाखवलं. आता स्वतःच्या वेळेला वाद कुठल्या तोंडानं घालणार? गुपचूप परत आणली. कुरिअरवाल्यानं तर हातही लावला नाही.

पत्ता तुला तो कमरेचा, अरबी नाच शिकवणाऱ्या बाईंकडून मिळाला. टायरच्या दुकानावर त्यांचा वर्ग आहे, तो जिना मी पहिल्यांदाच चढले. त्या म्हणाल्या, "तिला विचारल्याशिवाय देणार नाही." मी म्हटलं, "मग विचारा." त्या आतल्या खोलीत जाऊन फोनवर बोलल्या आणि बाहेर येऊन कागदावर पत्ता लिहून दिला. म्हणजे तू हो म्हणालीस, असं धरून चालते.

वस्तू सुस्थितीत आहे. पात्याच्या मध्याजवळ एक चिकट, काळपट डाग होता. बहुधा वर्षानुवर्षं हात लागून झाला असावा. तो भांड्यांच्या पावडरीनं घासघासून काढला. आता पातं आरशासारखं लखलखतं आहे.

महिनाअखेरपर्यंत येऊन घेऊन जावी. तोवर कोणी न आल्यास भंगारात देण्यात येईल.

कळावे.

(खाली सवयीनं हुद्दा लिहिला होता, तो खोडला आहे. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी हात ऐकत नाही.)


६ फेब्रुवारी

मुदत संपली. तुझं उत्तर नाही. भंगारवाला दर आठवड्याला खालून ओरडत जातो. अजून त्याला वर बोलावलेलं नाही. त्याचं कारण सांगते.

तुला ठाऊक आहे, मी वजनमापांची तपासणी करत असे. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात: आधी रिकामा काटा बघ. पारड्यात काही नसताना दांडी सरळ राहत नसेल, तर पुढं जे काही तोललं जाईल ते सगळं खोटं. त्यामुळं कुठलीही आडवी, लांब वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. देण्याआधी तोल तरी बघू, म्हणून तुझी तलवार एका बोटावर धरली. तिचा तोल मध्यावर नाही. मूठ जड असल्यामुळं तो मुठीकडे सरकला आहे. आणि अगदी त्याच ठिकाणी तो डाग होता, जो मी घासून काढला.

ही गोष्ट डोक्यातून जाईना. तोलाच्या जागीच डाग कसा पडेल? म्हणून कपाटाच्या आरशापुढं उभी राहून तलवार डोक्यावर ठेवून पाहिली. तुझ्या लग्नातल्या फोटोंपेक्षा तलवार डोक्यावर घेऊन नाचतानाचे तुझे फोटो मी जास्त वेळा पाहिलेत, म्हणून धारेची बाजू खाली ठेवायची एवढं माहीत होतं. क्षणभर राहिली आणि कानाला चाटून खाली गेली. फरशीचा टवका उडाला. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. तेलकट केसांवर लखलखीत पातं, राहणार कसं?

तलवार चादरीत घालून पुन्हा टायरच्या दुकानाचा जिना चढले. तुझ्या मास्तरीणबाईंनी पातं उजेडात धरलं आणि विचारलं, "काकू, इथला डाग कुठं गेला?"

"घासून काढला. अख्खी दुपार गेली."

त्या मटकन बाकावर बसल्या आणि हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते मेण होतं! थरावर थर देऊन तिनं बसवलं होतं ते. त्याच्यावर तर तलवार धरून राहते. तुम्ही तिची सगळी मेहनत मोरीत सोडलीत."

माफी मागते. स्वच्छतेच्या भरात माणूस काय काय घासून टाकतं याला हिशेब नाही. मेणबत्ती उगाळून नवा थर दिला आहे, पण तो तुझ्यासारखा बसलेला नाही. सोलून निघतो. परत नेशील तेव्हा वस्तू पहिल्यासारखी असावी, असा माझा आग्रह आहे, आणि मेण बसवायचं तर तलवार रोज डोक्यावर ठेवावी लागते, असं मास्तरीणबाई म्हणतात. डोक्याच्या उबेनं ते मऊ होऊन पात्याला धरतं.

तेव्हा केवळ तेवढ्यासाठी मी त्यांच्या वर्गात नाव घातलं आहे. गैरसमज नसावा.

कळावे.


११ मार्च

तुझं उत्तर नाही. वर्गाची हकिगत कळवते. वस्तू तुझी आहे, तिचं काय चाललं आहे हे तुला समजलं पाहिजे.

पहिले कित्येक दिवस मास्तरीणबाईंनी तलवारीला हात लावू दिला नाही. "आधी कंबर, मग तलवार," म्हणाल्या. मी म्हटलं, "माझी कंबर बसण्या-उठण्याखेरीज कशालाच वापरलेली नाही." त्या म्हणाल्या, "मग कोरी करकरीत असेल की!" वर्गात आम्ही मोजक्याच. एक बँकेत रोखपाल आहे, एक दाताची डॉक्टर, आणि एक बसमध्ये कंडक्टर. मी सगळ्यांची काकू. कंडक्टरबाई भारी टवाळ आहे. मी श्वास धरून उभी राहिले की मागून ओरडते, "काकू, पोट आत घ्या, पुढच्या स्टॉपला गर्दी चढणार आहे!" दाताची डॉक्टर कधी हसत नाही, पण तिची कंबर अशी फिरते की तोंड उघडायला भीती वाटावी.

कमरेनं आठाचा आकडा काढायला सांगितला. मी काढला. मास्तरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "काकू, हे काय काढताय?" "आठ." "कुठला आठ?" मी हवेत बोटानं काढून दाखवला, आपला, पाढ्यांतला. दाताची डॉक्टर सोडून सगळ्या पोट धरून बसल्या. इंग्रजी आठ काढायचा असतो, हे आधी सांगायला नको? तुला पहिल्या दिवशी हे कळलं होतं का, विचारायचं आहे.

मग तलवार. तुमच्या या विद्येत काही चलाखी असेल, तलवार कुठं तरी अडकवत असतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. अडकवलेलं काही नाही. वरचं सगळं थांबवायचं आणि खालचं सगळं चालू ठेवायचं, एवढंच आहे. नजर समोर एका जागी ठेवायची. मी वर्गातल्या पंख्याच्या बटणावर ठेवते. वळताना घाई केली की तलवार जागच्या जागी राहते आणि आपण पुढं निघून जातो. कंडक्टरबाईनं समजावलं, "गाडी वळली की गुडघे सोडायचे काकू, मान नाही." तिला ते न शिकवता येतं. मला शिकून येत नाही.

एक गोष्ट मात्र माझी मला सापडली. डोक्यावर तलवार असली की मान हलवून हो किंवा नाही म्हणता येत नाही. जे असेल ते तोंडानं बोलावं लागतं. आपण तिघं जेवायला बसायचो तेव्हा अख्खं जेवण माना हलवण्यावर निघत असे. भात? मान. झालं? मान. बरं नाही का? मान. तू निघालीस त्या सकाळीही दारात उभी राहून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी मान हलवली. त्याचा अर्थ तू काय लावलास, मला माहीत नाही. मी काय म्हणत होते, तेही आज नीट सांगता येणार नाही.

असो. समोरच्या बाई विरजण मागायला आल्या, तर दार उघडंच होतं आणि मी स्वयंपाकघरातून सावकाश बाहेर येत होते.

"अगं बाई! तलवार? कोणावर?"

"कोणावर नाही. डोक्यावर."

"तुमचं वय काय आणि हे चाललंय काय!"

"वय तुमच्याएवढंच. मी लपवत नाही, इतकाच फरक."

विरजण न घेता गेल्या. आता जिन्यात भेटल्या की माझ्या पिशवीकडे आणि हातातल्या पत्राकडे बघतात.

मेण हळूहळू बसतं आहे.

कळावे.


१९ एप्रिल

तुझं उत्तर नाही. पत्रं पोचत आहेत, कारण एकही परत आलेलं नाही. मास्तरीणबाईंना आडून विचारलं, "तिकडे सगळं ठीक ना?" त्या म्हणाल्या, "ठीक आहे." त्यापुढं बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

रविवारी चिरंजीवांचा फोन येतो, हे तुला माहीत आहेच. तू इथं होतीस तेव्हाही तो रविवारीच बोलायचा, मग घरात असला तरी. (हे विनोदानं लिहिलं आहे.) समोरच्या बाईंनी त्याला कळवलेलं दिसतं.

"आई, तू तिला पत्रं लिहितेस?"

"लिहिते."

"कशाला? तिचा आपला आता काय संबंध?"

"तिची तलवार आहे आपल्याकडे."

"मग देऊन टाक ना कोणाला तरी! त्याच्यात काय एवढं?"

"दुसऱ्याची वस्तू कोणाला तरी कशी देऊ? ती येईल तेव्हा तिला देईन."

"आणि नाही आली तर?"

त्या वेळी माझ्या डोक्यावर काही नव्हतं, तरी मान हलली नाही. मग त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. त्याचं ठरतं आहे. तिथंच, त्याच्या कामावरची आहे. लग्न तिकडेच करतील. मला यायला जमणार नाही असं त्यानंच माझ्या वतीनं ठरवून टाकलं. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते. याहून जास्त या विषयावर मला लिहायचं नाही.

फोन ठेवल्यावर तलवार काढली आणि स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चालत गेले. तिथं वळले, आणि परत आले. कुठंही हात लावावा लागला नाही. कमरेचा आठ, इंग्रजी, चालता चालता काढला. पहिल्यांदाच जमलं. सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तशीच उभी राहिले. किती वेळ, ते पाहिलं नाही. घरातल्या पंख्याच्या बटणाकडे बघत होते. मग मान अवघडली.

तुझ्या त्या कमरेला बांधायच्या नाण्यांच्या पट्ट्याची आठवण झाली. तू सरावाला लागलीस की तो भिंतीपलीकडून वाजायचा आणि मी इकडून भिंतीवर थाप मारायचे. मग तू तो काढून सराव करायला लागलीस. चांगलं झालं, घरात शांतता आली, असं मी तेव्हा म्हटलं असेल. परवा कंडक्टरबाईनं तिचा जुना पट्टा मला दिला. "घ्या काकू, माझा कामावर वाजतोच दिवसभर, सुट्ट्या पैशांचा." घरी बांधून पाहिला. छान वाजतो. भिंतीपर्यंत आवाज जातो. पलीकडच्या खोलीत आता ओल आहे फक्त.

पहिल्या पत्रात मी मुदत घातली होती. ती मागं घेते. तुझ्या सवडीनं ये. तलवार न्यायला ये. नेल्यावर मला तुला पत्र लिहायला काही कारण उरणार नाही, हे मला त्या फोननंतर समजलं. तरी ये. वस्तू तुझी आहे.

पत्राला दोन ओळींचं उत्तर लिहिताना कोणाचा हात मोडत नाही.

कळावे.


२१ मे

थोडक्यात लिहिते.

कोपऱ्यावर धारवाला बसला होता. घरातल्या सुऱ्या आणि कात्री नेली, तेव्हा तुझी तलवारही नेली. बोथट पातं घरात ठेवणं मला पहिल्यापासून खटकत होतं. त्यानं मन लावून धार काढली. कागद धरला की दोन तुकडे होतात.

रोज सकाळचा सराव चालूच आहे. टाळूवर जरा हुळहुळतं, पण सवयीनं जाईल.

कळावे.


३० मे

सूनबाई,

मायना घातला आहे. खोडायचा असेल तर तू खोड. मी खोडणार नाही.

तू आलीस. तू इथं होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी तुझी पाठ असताना झाल्या आणि काही माझ्या डोक्यात झाल्या, त्या लिहिते.

मी सकाळची गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली टॅक्सी थांबली आणि तू उतरलीस. वर पाहिलं नाहीस. एका खांद्यावर पिशवी, केस विंचरलेले नाहीत, रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या माणसाचा चेहरा. माझ्या हातातला टॉवेल खालच्या मजल्यावरच्यांच्या दोरीवर पडला. तो अजून तिथंच आहे. मागायला गेलेले नाही.

दार उघडायला गेले, तर तू जिन्यातूनच ओरडत होतीस, "आई! कुठाय ती?"

तू मला आई म्हणालीस. घाईत जुनी हाक तोंडात येते, मला माहीत आहे. मी त्याचं काही धरलेलं नाही. फक्त नोंद करते.

"आधी आत तर ये. चहा टाकते."

"चहा नको. टॅक्सी थांबवलीय. तुम्ही डोक्यावर ठेवलीत? खरं सांगा, ठेवलीत का?"

तू पिशवी जमिनीवर टाकलीस, मला धरून खुर्चीवर बसवलंस आणि माझं डोकं खाली वाकवून केस बाजूला करायला लागलीस, लहान पोराच्या डोक्यातल्या उवा बघतात तशी. सगळी टाळू तपासलीस. कानामागं पाहिलंस. तुझी बोटं थंडगार होती. माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागून किती काळ लोटला असेल, याचा मी खाली मान घालून विचार करत होते. आणि तुला आणखी काही सापडावं, तुझं बघणं इतक्यात संपू नये, असंही वाटत होतं. हे कागदावर लिहिण्यासारखं नाही. लिहिलं आहे.

तुला काय सापडलं? खरचटलेलंसुद्धा काही नाही. सरावाची पुसटशी लाल रेघ, बस्स.

तू "बरं" म्हणालीस. मग तलवार कुठं आहे विचारलंस. मी आतून आणून दिली. मुठीकडून तुझ्या हातात दिली, जपून, जणू कापेल. तेही ढोंगच. तू ती घेतलीस, पात्याकडे पाहिलंस. मेणावरून एकदा अंगठा फिरवलास. म्हणालीस, "मेण चांगलं बसलंय." मी म्हटलं, "रोज करते." एवढंच आपलं बोलणं झालं. मला किती तरी सांगायचं होतं. कंडक्टरबाईचं, विरजणाचं, गॅलरीपर्यंत चालत गेल्याचं. खालून टॅक्सीवाल्यानं भोंगा वाजवला.

तू दाराशी गेलीस. सँडल घालायला दोन्ही हात हवेत, कारण त्याला ते बारीक बक्कल. हातात तलवार. तू इकडेतिकडे पाहिलं नाहीस, मला धरायला सांगितलं नाहीस. तशीच उघड्या पात्यानं, धारेची बाजू खाली करून, ती डोक्यावर ठेवलीस, गुडघे सोडून खाली बसलीस आणि सावकाश दोन्ही बक्कलं लावलीस. तलवार जागची हलली नाही. मी तुला इतक्या जवळून हे करताना कधी पाहिलं नव्हतं. तशीच उठलीस. मग खुंटीवरची माझी शाल काढलीस, तलवारीला गुंडाळलीस, "येते" म्हणालीस आणि गेलीस.

मी गॅलरीत जाऊन टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राहिले. घरात आले. कपाटामागची जागा पाहिली. मग चहा केला, सवयीनं दोन कप आधण टाकलं होतं. दुसरा कप ओतून द्यायला मोरीशी उभी असताना मला कळलं.

धार लावलेली तलवार कोणी उघड्या डोक्यावर ठेवत नाही. तुझ्यासारखी तर नाहीच.

म्हणजे तुला ठाऊक होतं. आत आलीस तेव्हा नव्हतं. थंड बोटं खोटं बोलत नाहीत. पण बाहेर पडलीस तेव्हा होतं.

तर आता लिहून देते. धारवाल्याकडे मी फक्त सुऱ्या नेल्या होत्या. तलवारीला धार कधीच लावली नाही. पातं होतं तसंच बोथट आहे. मी खोटं लिहिलं. सगळ्या नोकरीत काटा मारणाऱ्यांना पकडलं, कोणाचं एक बोटभर खोटं माप चालवून घेतलं नाही, आणि या वयात मी स्वतः काटा मारला, तोही तुझ्याशी. उत्तर येत नव्हतं म्हणून मारला, हे कारण आहे, सबब नाही. आमच्याकडे अशा वेळी माल जप्त करतात. माल तू घेऊन गेलीच आहेस. योग्य झालं.

मास्तरीणबाईंना सांगितलं, माझ्याकडे आता तलवार नाही. त्या म्हणाल्या, "काठीवर करा." घरात जुन्या तराजूची पितळी दांडी आहे, निवृत्तीच्या वेळी खात्यानं दिलेली. ती डोक्यावर ठेवून चालते. तिचा तोल बरोबर मध्यावर आहे, त्यामुळं फार सोपं जातं. मजा येत नाही.

एक सारखं मनात घोळतं आहे. टॅक्सीत गुंडाळायला तुला कापड हवं होतं, हे मान्य. पण तलवार ज्या चादरीत सापडली, ती चादर घडी घालून तिथंच खुर्चीवर होती. तुझ्या हाताशी. आणि तू खुंटीपर्यंत जाऊन माझी शाल काढलीस. ती माझी एकुलती एक गरम शाल आहे, हे तुला माहीत आहे. तू इथं राहिली आहेस.

यावर मला काही विचारायचं नाही. फक्त शालीविषयी काही सूचना आहेत, त्या पाळाव्यात. गरम पाण्यात घालू नये, आटते. पिळू नये. उन्हात न टाकता सावलीत वाळवावी. घाई नाही, सध्या तशी थंडी नाही.

आणि परत करताना पोस्टानं पाठवू नये. पोस्टात वस्तू हरवतात.

आई